मोडीतला इतिहास : राजा केळकर संग्रहालय कसे पाहावे?

पुण्याच्या इतिहासात 'मोडी' ही एक लिपी आहे आणि 'मोडीत काढणे' हा एक व्यवहार आहे. लिपीने आपल्याला पेशवाई वाचायला दिली. व्यवहाराने त्याच काळातल्या घरांतील दिवे, डबे, पळ्या आणि अडकित्ते वजनावर विकून टाकले. आजचा धागा ह्या व्यवहारातून एका माणसाने जे वाचवले त्याविषयी आहे, आणि जे त्यालाही वाचवता आले नाही त्याविषयीही. धागा लांब आहे, तेव्हा सवडीने वाचावा.

आधी शनिवारवाड्यापासून सुरुवात करू, कारण पुणे पाहायला आलेला माणूस प्रथम तिथेच जातो. १७३० मध्ये पाया घातलेला आणि १७३२ मध्ये वास्तुशांत झालेला हा वाडा १८२८ च्या आगीत भस्मसात झाला. आज तिथे तट आहे, बुरूज आहेत, दिल्ली दरवाजा आहे आणि आत गवतात उघडी पडलेली जोती आहेत. दिवाणखाना कुठे होता, हजारी कारंजे कुठे उडत असे, हे फलक वाचून समजते. मात्र त्या दिवाणखान्यात संध्याकाळी कोणता दिवा लागत असे, बैठक संपल्यावर पान कशातून फिरत असे, स्वयंपाकघरात पुरणयंत्राच्या आधी पुरण कशावर वाटत असत, ह्यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ती जोती देत नाहीत. सत्तेची वास्तू उरली आहे आणि तिच्यातले जगणे जळून गेले आहे.

तिथून दक्षिणेकडे बाजीराव रस्त्याने चालत निघाले की शुक्रवार पेठेत, नातूबागेत, राजा दिनकर केळकर संग्रहालय लागते. २०,००० हून अधिक वस्तू, त्यांतील साधारण २,५०० मांडलेल्या. म्हणजे दर आठ वस्तूंमागे एकच आपल्याला दिसते, बाकीच्या कोठारात असतात. तरीही ह्या तीन मजल्यांवर पाहण्यासारखे इतके आहे, की घाईने पाहणाऱ्याला शेवटी केवळ पितळेचा पिवळा रंग तेवढा आठवतो. हे संग्रहालय कसे पाहावे ह्याचा थोडा विचार करूनच आत शिरावे, असे माझे मत आहे.

कागद गोळा करणारे शहर

विसाव्या शतकाच्या आरंभीचे पुणे हे कागदांनी झपाटलेले शहर होते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ह्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. वाड्यावाड्यांतील माळे, पेटारे आणि तळघरे धुंडाळून दप्तरे बाहेर काढली जाऊ लागली. पुढे १९३० ते १९३४ ह्या काळात गो. स. सरदेसाई ह्यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागद ४५ खंडांत छापून काढले. जे कागद उद्या रद्दीत जाणार होते ते अभ्यासकांच्या टेबलावर आले. मराठेशाहीविषयी आपण आज जे काही खात्रीने बोलतो, त्यातील फार मोठा भाग ह्या धडपडीमुळे बोलतो.

पण दप्तर बाहेर काढताना ज्या पेटाऱ्यात ते होते त्या पेटाऱ्याकडे कोणाचे लक्ष होते? कागद वाचण्यासाठी ज्या कलमदानातील लेखणीने तो लिहिला गेला त्याची गरज नसते. दौत, शाई वाळवायची वाळूची डबी, मोहोर, दिव्याची काजळी हे सारे इतिहासाच्या बाहेरचे सामान मानले गेले. ह्यात त्या पिढीला दोष देण्याचे कारण नाही. लढाया, तह, वंशावळी आणि तारखा ह्यांचाच जिथे गोंधळ होता, तिथे आधी त्या निस्तरणे क्रमप्राप्त होते.

ह्याच काळात, १९२० च्या सुमारास, दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) नावाचा एक कवी त्याच वाड्यांतून वस्तू उचलू लागला. 'अज्ञातवासी' ह्या टोपणनावाने ते कविता लिहीत. मंडळातील संशोधक घरमालकाला विचारत, जुने कागद आहेत का? केळकर विचारत, जुना दिवा आहे का, एखादा अडकित्ता, एखादे कुलूप? ह्या दुसऱ्या प्रश्नावर घरमालकाचा चेहरा कसा होत असेल, ह्याची कल्पना करून पाहावी. कागदाला निदान 'ऐतिहासिक' म्हणून मान होता. माजघरातल्या मोडक्या लामणदिव्याला मान देणारा माणूस लोकांना विक्षिप्त वाटला नसता तरच नवल.

चार दशकांत, १९६० पर्यंत, हा संग्रह १५,००० वस्तूंच्या घरात गेला होता. केळकर देशभर हिंडले. गुजरात, राजस्थान आणि दक्षिणेकडील वस्तूंनाही त्यांच्या संग्रहात जागा मिळाली. ह्या उद्योगात पत्नी कमलाबाईंची साथ होती. घरातील पैसा असा बाहेर जात असताना घर चालवणाऱ्या स्त्रीची 'साथ' म्हणजे नेमके काय, हे वेगळे सांगायला नको. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा लहान वयातच गेला. संग्रहालयाला त्याचे नाव आहे. नावातील 'राजा' हा शब्द वाचून अनेकांना हे एखाद्या संस्थानिकाचे संग्रहालय वाटते. वस्तुतः ते एका मुलाचे स्मारक आहे. पुढे केळकरांनी हा सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

एका अडकित्त्याचे वाचन

आता वस्तूंकडे वळू. मी ह्या संग्रहालयात कोणालाही प्रथम अडकित्त्यांपाशी थांबायला सांगते. घोडे, मोर, पोपट, स्त्री-पुरुषांच्या जोड्या अशा कितीतरी आकारांचे अडकित्ते इथे आहेत. यंत्र म्हणून अडकित्ता अगदी साधा असतो. दोन भुजा, एक बिजागरी, एका भुजेला धार. सुपारी दाताने फुटत नाही आणि चाकूखाली घसरते, म्हणून तिला दोन्हीकडून धरून चिरडणारे हे साधन. सारी कलाकुसर आहे ती मुठीवर आणि पाठीवर. कापणारे पाते मात्र साधे आणि लोखंडी असते.

हा अडकित्ता कोणत्या जगात वापरला जात होता? सुपारी कोकणातून येई. पेशव्यांचे भट घराणे ज्या श्रीवर्धनचे, ते गाव आजही 'रोठा' सुपारीसाठी प्रसिद्ध आहे. विड्याचे पान, सुपारी, कात, चुना, लवंग, वेलदोडा, जायपत्री ह्यांचा मिळून विडा होई. त्या काळच्या समाजव्यवहारात विडा हा मुखशुद्धीपुरता मर्यादित नव्हता. दरबारात पान-अत्तर-गुलाब देणे म्हणजे भेट संपल्याची खूण. मोहिमेची जबाबदारी घेणाऱ्याने 'विडा उचलला'. लग्नाचे आमंत्रण सुपारीने होई आणि ठरलेल्या व्यवहारावरही सुपारीनेच शिक्कामोर्तब होई. गेल्या शतकात मुंबईच्या गुन्हेगारी जगाने 'सुपारी' शब्दाला जो अर्थ दिला तोही ह्याच जुन्या करारनाम्याचा भेसूर वंशज आहे.

विड्याभोवती किती वस्तू जमल्या होत्या ते पाहावे. पानदान, चुन्याची डबी, सुपारीचे खण असलेले डबे, पिकदाणी, अत्तरदाणी, गुलाबदाणी. दात पडलेल्या म्हाताऱ्यांसाठी विडा कुटायचा इवलासा खलबत्तासुद्धा. ही शेवटची वस्तू मला सर्वांत प्रिय आहे. इतिहासाच्या पुस्तकांत म्हातारपण फारसे येत नाही. राजे एक तर रणात पडतात किंवा आजाराने जातात. घरातल्या बिनदाताच्या आजोबांना जेवणानंतर विडा हवा असतो आणि त्यासाठी कोणी तरी पितळेचा मूठभर खलबत्ता घडवतो, ही नोंद कोणत्याही बखरीत सापडणार नाही.

पण हाच अडकित्ता एक प्रश्नही विचारतो. विडा कोणाला वर्ज्य होता? ब्रह्मचाऱ्याला, संन्याशाला आणि विधवेला. पेशवाईतील आणि नंतरच्याही पुण्यातील ब्राह्मणी घरांत विधवेने विडा खायचा नाही, कुंकू लावायचे नाही, केस राखायचे नाहीत. आता पुढच्या कपाटातील फणीकरंड्याच्या पेट्या पाहा. आतल्या बाजूला आरसा, मेणाची डबी, कुंकवाची डबी, फणी ठेवायची जागा. आधी बोटाने मेण लावायचे, मग त्यावर कुंकू टेकवायचे. पेटी अतिशय सुबक आहे. आणि ज्या दिवशी तिच्या मालकिणीचा नवरा गेला त्या दिवसापासून ती पेटी तिची उरली नाही. बालविवाह रूढ असलेल्या समाजात हा दिवस कधीकधी ती पेटी नीट वापरायला शिकण्याच्या आतच येत असे.

हे कपाटाबाहेरचे भाष्य नव्हे, हा त्या वस्तूचाच इतिहास आहे. ह्या संग्रहालयापासून फार लांब नाही अशा अंतरावर जोतीराव आणि सावित्रीबाई फुले ह्यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले, ते ह्याच स्त्रियांसाठी. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. फणी, कुंकू आणि वस्तरा ही तीन घरगुती साधने होती. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राची सर्वांत कडवट सामाजिक लढाई त्यांच्याभोवती लढली गेली. संग्रहालयातील फलकावर वस्तूचे नाव असते, प्रदेश असतो, शतक असते. ती कोणाच्या हाती कधीच पडायची नव्हती, हे फलकावर मावत नाही. ते आपण सोबत घेऊन जायचे.

दिवे, वज्री आणि कळकलेली आमटी

दिव्यांचे दालन दिसायला सर्वांत देखणे आहे आणि तिथे मी थोडक्यात आटोपणार आहे, कारण दिवे स्वतःच पुरेसे बोलतात. समई, लामणदिवा, निरांजन, हातात धरून न्यायचा दिवा, साखळीने टांगायचा दिवा. एवढेच ध्यानात ठेवावे की ह्यांतील प्रत्येक दिवा तेलाचा आहे आणि तेल ही महागाची वस्तू होती. करंज, करडई, जवस, एरंड जे परवडेल ते जळे. सामान्य घरात सूर्यास्तानंतरचा उजेड म्हणजे एक वात. दहा वातींची समई हे सुबत्तेचे प्रदर्शन होते, तेवढेच ते भक्तीचेही होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉकेल आले, कंदील आणि चिमणी आली, मग वीज आली. समई देवघरात गेली आणि बाकीचे दिवे मोडीत निघाले. केळकरांनी जेव्हा दिवे गोळा करायला सुरुवात केली तेव्हा हे स्थित्यंतर घडतच होते. तीस वर्षे उशीर झाला असता तर हे दालन बहुधा निम्मेही भरले नसते.

वज्री मात्र चुकवू नये. पाय घासायचे हे साधन. खालचा पृष्ठभाग खरखरीत, वर धरायला मोर किंवा हत्ती, कधी आत घुंगरू. अनवाणी चालणाऱ्या समाजात पायाच्या टाचेला एवढा मान असणे स्वाभाविक होते. घुंगरू कशासाठी? नुसता आवाज ऐकू यावा म्हणून. न्हाणीघरातल्या एकांतात टाच घासताना एक छोटासा नाद व्हावा, एवढ्यासाठी कोणा कारागिराने श्रम घेतले. इतिहासात कार्यकारणभाव शोधण्याची सवय लागलेल्या माझ्यासारखीला अशा ठिकाणी गप्प बसावे लागते.

स्वयंपाकघरातील भांड्यांपाशी आले की रसायनशास्त्र सुरू होते. तांबे आणि पितळ आंबटाशी जुळत नाही. चिंचेची आमटी किंवा ताक कल्हई नसलेल्या भांड्यात राहिले तर ते 'कळकते'. हे क्रियापद आता जवळजवळ वापरातून गेले आहे, कारण ते ज्या संकटाचे नाव होते ते संकटच स्टीलने संपवले. पितळेच्या काळात कल्हईवाला घराच्या वर्तुळातला माणूस होता. भाता, कोळसे, कथील, नवसागर आणि कापसाचा बोळा घेऊन तो दारात बसे आणि काळवंडलेले पातेले आतून चांदीसारखे करून देई. भांडी घडवणारे तांबट कसबा पेठेतल्या तांबट आळीत होते, आजही त्यांतील थोडे आहेत. हातोडीच्या ठोक्यांनी भांड्यावर जे चमकदार ठिपके उमटतात त्या 'मठार' कामामुळे पत्रा घट्ट होतो. आज आपण त्याला नक्षी समजतो. मुळात ती मजबुती आहे.

मग अॅल्युमिनियम आले, स्टील आले. जुने पितळ वजन करून 'मोड' म्हणून द्यायचे आणि वर पैसे घालून नवे भांडे घ्यायचे, असा सरळ हिशेब होता. जुनी लुगडी बोहारणीकडे गेली आणि जुने पितळ भांडीवाल्याकडे. वितळवलेल्या पितळेला भूतकाळ नसतो. त्यात १९६१ च्या जुलैत पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील कितीतरी वाडे आतील संसारासह वाहून गेले. आपण जे पाहतो ते ह्या सर्व गळतीतून उरलेले आहे.

भांड्यांविषयी अजून एक. मराठी घरांत भांड्यावर नाव घालण्याची पद्धत आहे. आंदणात आलेल्या तांब्यावर, पातेल्यावर टोचणीने नाव, कधी तारीख, कधी देणाऱ्याचे नाव कोरलेले असते. इतिहासाचा विद्यार्थी ताम्रपट वाचतो. हा तर घराघरांतला ताम्रपटच आहे, फक्त त्यात गाव इनाम दिलेले नसते. लग्नानंतर मुलीचे पहिले नावही बदलण्याच्या प्रथेत काही स्त्रियांची माहेरची नावे कोठे लिहिली गेली असतील तर अशा एखाद्या भांड्याच्या काठावर. कागदांच्या शोधात निघालेल्या संशोधकांनी हा साठा जवळजवळ तपासलाच नाही, आणि त्यातील बहुतेक आता वितळून गेला आहे.

मस्तानी महाल

बहुतेक पाहुणे ज्या दालनाकडे थेट वळतात ते हे. कोथरूडमधील मस्तानीच्या महालाचे अवशेष आणून इथे उभारले आहेत. २०१५ च्या चित्रपटानंतर ह्या दालनाकडे लोक आरशांच्या झगमगाटाची अपेक्षा घेऊन येतात. इथे लाकूडकाम आहे, छत आहे, बैठकीची मांडणी आहे, आणि ते सारे चित्रपटाच्या मानाने बरेच लहान आहे. माझ्या मते हेच त्याचे मोल. मस्तानीविषयी कागदांत मोजकेच उल्लेख आहेत आणि आख्यायिका अमाप आहेत. १७४० मध्ये बाजीराव गेले, पाठोपाठ तीही गेली. पाबळला तिची कबर आहे, शनिवारवाड्याला तिच्या नावाचा दरवाजा आहे. एका स्त्रीला घराण्याने घराबाहेर ठेवले आणि तिच्या घराचे लाकूड दोनशे वर्षांनी एका कवीने आपल्या संग्रहात आणले, ह्यावर अधिक काही लिहू नये असे वाटते.

ह्याच संग्रहात पैठण शैलीची चित्रकथीची चित्रेही आहेत. त्यांच्यावर स्वतंत्र धागा लिहावा लागेल, म्हणून इथे फक्त उल्लेख.

काय टिकत नाही

आता ह्या धाग्याचा जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो. कोणतेही दैनंदिन जीवनाचे संग्रहालय म्हणजे एक चाळण असते आणि तिला तीन जाळ्या असतात. पहिली द्रव्याची. पितळ टिकते, हस्तिदंत टिकतो, सागवान टिकते. मडके फुटते, सूप झिजते, घोंगडी विरते, केरसुणी तर वर्षभरातच संपते. दुसरी जाळी मालकीची. जे विकत घेण्याजोगे होते तेच विकले गेले, आणि ते ज्यांच्याकडे होते त्यांचेच जगणे कपाटात पोहोचले. तिसरी संग्राहकाच्या नजरेची. केळकर कवी होते. त्यांनी सुंदर ते उचलले. शंभर साध्या अडकित्त्यांमागे एक मोराचा अडकित्ता घडत असेल, आणि संग्रहालयात तोच मोर बसला आहे. ह्या मोराकडे पाहून कोणी म्हणाले, की जुन्या काळी रोजच्या वस्तूही किती सुंदर असत, तर ते अर्धेच खरे आहे. रोजच्या वस्तूंपैकी सुंदर होत्या त्याच आपल्यापर्यंत आल्या.

केरसुणीचे उदाहरण घ्या. शिंदीच्या पानांची केरसुणी प्रामुख्याने मातंग समाजातील लोक बनवीत. लक्ष्मीपूजनाच्या रात्री घरोघर तिला लक्ष्मी म्हणून हळदकुंकू वाहिले जाई. ती बनवणाऱ्याला मात्र त्याच घराची ओसरी बंद होती. डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या आपल्या जातिसंस्थेवरील प्रसिद्ध, न झालेल्या भाषणात पेशव्यांच्या पुण्याचा उल्लेख केला आहे तो मडके आणि झाडू ह्या दोन वस्तूंच्या आधारे. अस्पृश्याने थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडके बांधायचे आणि आपल्या पावलांची धूळ पुसली जावी म्हणून कमरेला झाडू. ह्या दोन वस्तू, ज्यांच्याविषयी पुण्याच्या दैनंदिन इतिहासात बोललेच पाहिजे, माती आणि पाल्याच्या असतात. त्या गळतात त्या पहिल्याच जाळीतून.

वाड्याच्या वास्तूविषयीही हेच. दिंडी दरवाजा, चौक, ओसरी, दिवाणखाना, माजघर, भिंतीतले धान्याचे बळद हे सारे आपण कौतुकाने शिकतो, आणि ते शिकावेच. पण १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात एका मुलीचा निबंध प्रसिद्ध झाला. मुक्ता साळवे तिचे नाव, मातंग समाजातील, फुल्यांच्या शाळेत शिकणारी, वय १४ च्या आसपास. आपल्या समाजाची दुःखे सांगताना तिने लिहिले आहे की मोठ्या इमारतींच्या पायांत आमच्या माणसांना पुरीत असत. जुन्या वाड्याचा कोरीव खांब पाहताना माझी नजर आता आपोआप खालच्या दगडाकडे जाते. तो खांब त्यामुळे कमी सुंदर दिसत नाही. मात्र केवळ सुंदरही दिसत नाही.

पाण्याची भांडी पाहतानाही असेच. घागर, हंडा, कळशी, तांब्या, पंचपात्र, झारी. मागच्या धाग्यात आपण कात्रजच्या तलावातून शहरात आलेल्या नळाविषयी आणि त्यावरच्या हौदांविषयी वाचले. हौद सार्वजनिक होते असे आपण म्हणतो तेव्हा त्या 'सार्वजनिक' शब्दाची मर्यादा कुठवर होती? १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, हीच मुळी बातमी होती. घागर सर्वांकडे होती. ती बुडवायची कुठे, हा प्रश्न होता.

भायखळ्याची मातीची माणसे

तुलनेसाठी मुंबईकडे थोडी नजर टाकू. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये आजच्या वास्तूत खुले झाले, तेव्हा त्याचे नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होते. १९७५ साली ते भाऊ दाजींच्या नावाने ओळखले जाऊ लागले. वास्तू म्हणून ते केळकर संग्रहालयापेक्षा कितीतरी भव्य आहे. वरच्या मजल्यावर मातीच्या छोट्या मूर्ती आहेत. मुंबईतील निरनिराळ्या जातींचे, धर्मांचे आणि व्यवसायांचे लोक, त्यांची पागोटी, त्यांचे पोशाख. ह्या मूर्ती अप्रतिम घडवल्या आहेत. पण त्या 'नमुने' आहेत. अमुक जातीचा माणूस असा दिसतो, तमुक धंद्याचा असा बसतो, हे राज्यकर्त्याला समजावे म्हणून केलेली ती वर्गवारी आहे. तिथे माणसे दिसतात आणि त्यांतल्या एकालाही नाव नाही.

केळकरांच्या संग्रहात वर्गवारीचा हा सरकारी कोरडेपणा नाही. ह्या वस्तू खऱ्याच कोणी तरी वापरल्या. मुठी झिजलेल्या आहेत, समईच्या तबकावर तेलाचे थर बसले होते, दरवाजाच्या कड्याला असंख्य हात लागले आहेत. पण इथे माणूस नाही. दोन्ही संग्रहालये एकाच महिन्यात पाहावीत, असा माझा सल्ला आहे. आधी भायखळा, मग शुक्रवार पेठ. भायखळ्यातील मातीच्या माणसाच्या हातात मनातल्या मनात शुक्रवार पेठेतील अडकित्ता देऊन पाहावा. मातीच्या हाताला तो जड होतो.

काही व्यावहारिक सूचना. एका भेटीत सर्व दालने पाहू नयेत, दोनच निवडावीत. वस्तूच्या दर्शनी भागापेक्षा तिची मूठ, काठ आणि तळ पाहावा. वापराच्या खुणा तिथे असतात. डागडुजी झालेली वस्तू दिसली तर तिथे थांबावे. जोडलेला पाय, बदललेली बिजागरी, नंतर बसवलेली कडी ह्यांवरून ती वस्तू मोडीत न काढता कोणी तरी पुन्हा वापरली होती, हे समजते. लहान मुलांना सोबत न्यावे आणि 'हे कशासाठी असेल?' असे विचारून फलक वाचण्याआधी उत्तर द्यायला लावावे. वज्रीच्या बाबतीत त्यांची उत्तरे विशेष ऐकण्यासारखी असतात.

पुण्यात वाडे पडणे अजून थांबलेले नाही. पुनर्विकासात भिंती जातात, कोरीव खांब आणि दरवाजे विकले जातात आणि एखाद्या उपाहारगृहाच्या दर्शनी भागात 'वाडा संस्कृती' म्हणून पुन्हा उभे राहतात. माळ्यावरचे पितळ मात्र अजूनही वजनावरच जाते. तुमच्या घरी नाव घातलेले एखादे जुने भांडे असेल तर त्यावरील अक्षरांचे स्वच्छ छायाचित्र ह्या धाग्याखाली जोडावे. नाव कोणाचे, भांडे कोठून आले, त्यात काय शिजत किंवा साठवले जात असे, आणि घरात ते कोण वापरत असे, एवढे चार तपशील सोबत लिहावेत. अक्षरे अस्पष्ट असतील तर काठाला थोडे पीठ चोळून पुसले की ती उठून दिसतात. जी भांडी येतील त्यांचे वाचन पुढच्या धाग्यात, तांबट आळीच्या आधी करू.